वेलदोड्याच्या डब्यातल्या किल्ल्या

या, जरा जवळ सरकून बसा. मागे उंबऱ्यापाशी बसलात ते तुम्हीही या. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्याजोगी नाही. अम्मानच्या एका टेकडीवर, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, एका शुक्रवारी एका बाईच्या मनात जे घडलं ते तुम्हाला सांगणार आहे. बाहेरून पाहाल तर फार काही झालं नाही, एक पेला कॉफी तेवढी निवली. पण ऐकता ऐकता तुमच्याच घरातलं एखादं दार तुम्हाला आठवलं, तर अल्लानं माझ्या जिभेला यश दिलं असं समजेन.

सकाळी नवाच्या सुमारास रुवैदाच्या दारात खुर्च्या आल्या. एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्यांचा ढीग आधी दिसला, मग त्यामागून भाड्यानं सामान देणाऱ्या दुकानातल्या एका घामाघूम माणसाचं डोकं. "तीस आहेत. आणखी दहा खाली आहेत. लिफ्ट नाही का हो तुमच्याकडं?" तो म्हणाला आणि ढीग उंबऱ्यात टेकवून त्यानं छातीवर हात ठेवला. "मुबारक, बाई. कितवी मुलगी ही?" रुवैदाला वाटलं, मजला चुकला. "कसली मुलगी?" "चार वाजता जाहा येतेय ना तुमच्याकडं? मागणी घालायला?" तिच्या हातात बाबांचा ओला टॉवेल होता. त्याचं पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होतं आणि तिला फक्त त्या पाण्याचा गारवा कळत होता. जाहा. शब्दाला वजन असलेल्या माणसांची मंडळी. ती मुलगी मागायला येते, नाहीतर अपघातात कुणी गेलं तर त्याच्या घरी माफी मागायला येते. येते, बसते, तिच्या म्होरक्यासमोर कॉफीचा पेला ठेवला जातो आणि तो त्याला हात लावत नाही. घरातला वडीलधारा 'प्या' म्हणाला की मागितलेलं दिलं. मग ते परत घेता येत नाही. एवढं रुवैदाला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं, कारण चाळीस वर्षं या शहरातल्या निम्म्या जाहांचा म्होरक्या तिचा बाप होता. "मुलगी नाही," ती म्हणाली. "माझे वडील आहेत." तो माणूस हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "म्हणजे वडिलांसाठी मागणी?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उरलेल्या दहा खुर्च्या आणायला खाली पळाला.

तिनं थोरल्या भावाला फोन लावला. "जाहा? माझ्या घरी? गालिब, तू माझा भाऊ आहेस की वरपक्षाकडचा?" गालिब इर्बिदहून निघाला होता, गाडीचा आवाज येत होता. "घर नायेफचं आहे," तो म्हणाला. "आणि जावयाच्या घरात माझा बाप कुलपात राहतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक झालंय. नायेफला दोनदा निरोप धाडला, त्यानं तुला सांगितलं नसेल. तुझ्याशी बोलून काही होत नाही. तू एकतर रडतेस, नाहीतर फोन आपटतेस. आता माणसं बोलतील." "मी कधी आपटला फोन?" "आठव." तिनं फोन आपटला. आणि त्याच क्षणी तिला स्वतःचंच हसू आलं, कोरडं, आणि आत खिडकीपाशी बसलेल्या बाबांनी विचारलं, "उम्म गालिब, पाहुणे किती?" बाबांना खुर्च्यांचा आवाज कळला होता. मुलाचा चेहरा विसरलेला, दोन वर्षांमागे वारलेल्या बायकोला, उम्म गालिबला, म्हणजे गालिबच्या आईला, रोज हाक मारणारा, दात घासायचे की दाढी करायची हे ब्रश हातात घेऊन विसरणारा माणूस. पण खुर्च्या मांडल्या जाताहेत म्हणजे मंडळी येणार, एवढं त्याच्या हाडांना कळलं होतं. त्यांची पाठ ताठ झाली होती. "चाळीस, बाबा," ती म्हणाली. "मग माझा तपकिरी झगा काढ," ते म्हणाले. "आणि कॉफी दाट कर. गेल्या वेळी पाण्यासारखी केली होतीस."

कुलपाचं खरं होतं. तीन आठवड्यांमागची गोष्ट. आधी बाबा दोनदा जिना उतरून गेले होते. एकदा खालच्या बेकरीत सापडले, एकदा बसथांब्यावर, दोन्ही पायांत वेगवेगळे जोडे, आणि दोन्ही वेळा म्हणत होते की कुणाच्यातरी घरी रक्ताचं भांडण मिटवायला जायचंय, उशीर झालाय. दुसऱ्या वेळेनंतर ती कुलूप घेऊन आली. दुकानदारानं कुलपाबरोबर तीन किल्ल्या दिल्या. एक तिनं गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. उरलेल्या दोन कुठं ठेवाव्यात हे न कळून वेलदोड्याच्या डब्यात टाकल्या. भाकरी आणि बाबांच्या गोळ्या आणायला वीस मिनिटं, फक्त वीस मिनिटं ती बाहेर जायची. नेमका त्या वीस मिनिटांत धाकटा भाऊ मुन्जिर संत्र्यांची पिशवी घेऊन आला आणि त्यानं बंद दाराआडून बापाचा आवाज ऐकला: "दार उघडा, लोक खोळंबलेत." ती जिना चढून वर आली तेव्हा मुन्जिर पायरीवर बसला होता, शेजारणी दारांत उभ्या होत्या, आणि एक संत्रं घरंगळत दोन मजले खाली गेलं होतं. "शेळीला कोंडतात ग ताई असं," मुन्जिर म्हणाला होता. बस्स, एवढंच. तिनं त्याच्यासमोर कुलूप उघडलं तेव्हा किल्ली तीनदा भोकात बसली नव्हती. त्या दिवसापासून किल्लीचा गारवा तिच्या छातीच्या हाडावर असायचा, झोपेतसुद्धा, आणि ती बाबांना भरवताना वाकली की किल्ली पुढं लोंबायची आणि बाबा तिच्याकडे पाहायचे.

दुपारभर ती कामात राहिली, कारण हात रिकामे राहिले की विचार येत होते. तिनं कॉफीचे दाणे फिकट भाजले, कुटले. डब्यातून वेलदोडे काढताना दोन किल्ल्या बोटांना लागल्या. तिनं झाकण लावून टाकलं. नवऱ्याला, नायेफला, बोलावून एक कागद दिला. नायेफ घड्याळं दुरुस्त करायचा. तीस वर्षं भिंगातून पाहून त्याला माणसांकडे पाहताना एक डोळा बारीक करायची सवय लागली होती. निरोप आल्याचं तिला का सांगितलं नाही, हे तिनं विचारलं नाही. तो सांगणार होता, रोज संध्याकाळी सांगणार होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. त्यानं कागद वाचला: बाबा इथंच राहतील. ज्यांना आपल्या बापाची लाज वाटते त्यांनी आठवड्यातून दोनदा येऊन ती लाज धुऊन जावी. "हे असंच वाचू?" "असंच." "'लाज धुऊन जावी' हे जरा..." "अबू जाद," तिनं नवऱ्याला दटावलं. "बरं बरं," तो म्हणाला आणि कागदाची चार घड्यांची घडी करून खिशात घातली. तिला माहीत होतं, तो वाचणार नाही. तो म्हणेल, तीन दिवसांची मुदत द्या. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि ते मौन सगळे होकार समजतील. एकतीस वर्षांत त्या माणसानं तिला एकदाही दुखावलं नव्हतं आणि एकदाही तिच्या बाजूनं बोलला नव्हता. ती त्याच्यावर माया करायची, जशी घरातल्या बिनचूक चालणाऱ्या घड्याळावर करावी. आणि तरी. तो 'आणि तरी' कुठून सुरू होतो हे तिला नेमकं ठाऊक होतं. ती वीस वर्षांची होती. दुसरं घर, दुसरी टेकडी, पण असंच स्वयंपाकघराचं दार, अशीच फट, हातात हीच लांब चोचीची किटली. इर्बिदच्या शिक्षिकांच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं. पत्र उशीखाली होतं, संध्याकाळी बाबांना दाखवायचं होतं. आणि बाहेर अनोळखी पाहुण्यांच्या मधोमध बाबा बोलले होते, "कॉफी प्या. जे मागायला आलात ते दिलं." इतक्या सहज, जसं कुणी वाट विचारावी आणि आपण सांगावी. आई मरेपर्यंत प्रत्येक भांडणात बाबांना तेच ऐकवायची, "साऱ्या जगाची मर्जी विचारत फिरता, घरातल्या पोरीला विचारलं नाहीत." आणि बाबा हसून म्हणायचे, "वाईट झालं का तिचं?" वाईट झालं नव्हतं. हीच तर अडचण होती.

चार वाजता, अस्रची नमाज उरकून, मंडळी आली. जिन्यावर चपलांचा आणि जोड्यांचा आवाज मजल्यामजल्यानं चढत गेला आणि रुवैदाला वाटलं, पाणी चढतंय, आता दाराखालून आत येणार. पुढं अबू सखर, ऐंशीला टेकलेले, काठी घेतलेले. ही कला ते बाबांकडूनच शिकले होते. जाहांमध्ये तरुणपणी ते बाबांच्या मागं बसायचे, आता बाबांच्या जागी बसायचे. दाराच्या फटीतून तिला खोलीचा उभा काप दिसत होता: बाबांचा जरीकाठी झगा, गुडघ्यांवर ठेवलेले, आज न थरथरणारे हात, नायेफचा खांदा, तिपाईवर अबू सखरसमोरचा पेला, त्यातून उठणारी वाफ. मुन्जिर दाराजवळ, नजर पायांत. आणि गालिब. गालिब अशा खुर्चीत बसला होता की अबू सखरच्या पाठीआड तो बापाला दिसू नये. तिनं ते पाहिलं आणि तिला गेली ईद आठवली. गालिब बाबांचा हात चुंबायला वाकला होता आणि बाबांनी प्रेमानं विचारलं होतं, "तू कोणाचा रे, बाळा?" सगळे हसले होते. गालिबही हसला होता. ज्या माणसाला उभं शहर अबू गालिब, गालिबचा बाप, म्हणून ओळखत होतं, त्याला गालिब ओळखू आला नव्हता. त्यानंतर गालिबनं सगळं पाठवलं, हवेची गादी पाठवली, औषधं पाठवली, नर्सचे फोन नंबर पाठवले. स्वतः आला नाही. तो का येत नाही, हे तिला आठ महिने माहीत होतं. माहीत होतं, आणि तिनं ते रागाखाली दाबून ठेवलं होतं, कारण राग धरून उभं राहता येतं.

अबू सखरनी घसा खाकरला. अल्लाची स्तुती झाली, पैगंबरांवर सलाम झाला. "आम्ही या थोर घरी एक मागणं घेऊन आलोय," ते म्हणाले. "आमची कॉफी आमच्यासमोर आहे. आम्ही मागतो ते सोनं नाही, जमीन नाही. आम्ही एका बापाला त्याच्या मुलांच्या घरी मागतो. या घरानं त्याला सांभाळलं, त्याचं पुण्य या घराचं. पण बापानं मुलाच्या छपराखाली..." ते बोलत राहिले. रुवैदानं नायेफच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा हलला. हात खिशाकडे गेला. कागद निघाला. एक घडी उघडली, दुसरी उघडली, आणि ती मनात म्हणत राहिली, वाच, वाच, एकदा तरी वाच. आणि तेवढ्यात बाबा गाऊ लागले.

बाबांच्या तरुणपणी त्यांचा गळा ऐकायला लोक न बोलावता जाहांना यायचे. बोलणं सुरू करायच्या आधी ते पैगंबरांच्या स्तुतीची दोन चरणं गायचे, संथ, खालच्या सुरात, आणि सूड घ्यायला बसलेली माणसं मान खाली घालायची. मी स्वतः ऐकलंय म्हणून सांगतो: त्या गळ्यातून नाव निघालं की वाटायचं, आपल्याला कुणीतरी माफ केलंय, कशाबद्दल ते मागाहून कळेल. तो सूर आता फाटला होता, जागोजागी हवा निसटत होती, पण चाल हलली नव्हती. एकाचा मोबाइल वाजला, त्यानं तो मांडीखाली दाबला. अबू सखरनी डोळे मिटले. नायेफचा कागद गुडघ्यावर उघडा राहिला. चरण संपलं, बाबांनी श्वास घेतला, हात पुढं केला, आणि चाळीस वर्षं घराघरांत ऐकलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं. "अबू सखर, कॉफी प्या. जे मागायला आलात ते दिलं."

घरातला सगळ्यात वडीलधारा बोलला होता. त्यानं स्वतःलाच देऊन टाकलं होतं. रुवैदानं दाराची चौकट धरली. आता ती ओरडेल, आता ती धावत बाहेर जाईल, असं तिला वाटलं. आणि त्याऐवजी तिला बरं वाटलं. खांद्यांपासून खाली, कोमट पाणी ओतावं तसं. उद्या सकाळी उठून कुणाच्या चादरी बदलायच्या नाहीत. किल्ली काढून ठेवायची. बेकरीत रांगेत उभं राहायचं, पुढच्या बाईशी दोन शब्द बोलायचे. दोन पळं ती या सुखात उभी राहिली, आणि मग ते कशाचं सुख आहे हे तिला कळलं, आणि तिची कानशिलं तापली. या अल्ला, तर मी यासाठी भांडत होते? हरता यावं म्हणून?

अबू सखरचा हात पेल्याकडे गेला. बोटं पेल्याला टेकली, पेला एक बोट वर उचलला गेला. गालिब खुर्चीत पुढं सरकला. आणि अबू सखरनी पेला परत खाली ठेवला. "अबू गालिब," ते हळूच म्हणाले, "आपण काय दिलंत?"

"काय म्हणजे?" बाबा जरासे रागावले. "पोरगी. तुम्ही पोरगी मागायला आलात ना? चांगलं घर आहे. मुलगा घड्याळं शिकतोय, हात शांत आहे त्याचा." नायेफनं मान खाली घातली. बाबा बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी अडखळलं, जसं जिना उतरताना एक पायरी कमी निघावी. "थांबा. पिऊ नका, पिऊ नका. मी तिला विचारलंच नाही." त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे, फटीकडे. "रुवैदा! अगं, ऐकतेस ना? तू हो म्हणतेस का?"

एकतीस वर्षं. आता कशाला, असं तिच्या मनात आलं. आता, जेव्हा उत्तराचा काही उपयोग नाही. आणि मग दिसलं की उपयोग कधी नव्हता इतका आज आहे. चाळीस माणसं दाराकडे पाहत होती. बाहेर पाऊल टाकलं तर बाबांना रुवैदा दिसणार नव्हती, आई दिसणार होती. म्हणून ती दाराआडच राहिली, वीस वर्षांच्या मुलीच्या जागेवर.

"माझ्या अटी आहेत, बाबा," ती म्हणाली.

"मुलीचा हक्क आहे तो," बाबा म्हणाले. "बोल."

"कुलूप मीच लावलं," रुवैदा म्हणाली. आवाज तिचा तिला परका वाटत होता, पण थांबत नव्हता. "पुन्हाही लावीन. भाकरी आणायला गेले तर लावीन, अंघोळीला गेले तर लावीन. नाहीतर कुणीतरी दाराशी बसा. बाबा या घरातून हलणार नाहीत. बांग कोणत्या खिडकीतून येते एवढंच आता त्यांना माहीत आहे, तेवढं तरी राहू द्या. पण मला एकटीला होत नाही. मगाशी 'दिलं' असं ऐकलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. हे तुम्हा सगळ्यांसमोर सांगते. माझ्यावर पुण्य लादू नका. माणसं पाठवा. दुसरी कुणी नकोत, माझे भाऊ पाठवा."

बाहेर कुणीतरी "ला हौल", अल्लाशिवाय कुणाचं बळ नाही, असं पुटपुटलं. नायेफ उठून उभा राहिला. त्यानं हातातला कागद पाहिला, एक डोळा बारीक केला, आणि कागद पुन्हा खिशात घातला. "ती म्हणते तेच," तो म्हणाला. तीनच शब्द. मग खाली बसला आणि रुमालानं मान पुसू लागला.

"अट रास्त आहे," बाबांनी निवाडा दिला. "लिहून घ्या."

निवलेली कॉफी ओतून द्यायची असते. रुवैदानं किटली पुन्हा चुलीवर ठेवली, उतू जाऊ दिली नाही. वेलदोड्याचा डबा उघडला. मग डोक्याचा रुमाल नीट करून, डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात तबक घेऊन ती पुरुषांच्या खोलीत गेली. पुरुषांत कॉफी वाढायचं काम नायेफचं होतं. कुणी तिला अडवलं नाही. तबकात पेले होते आणि पेल्यांशेजारी दोन किल्ल्या, वेलदोड्याचा वास लागलेल्या. बाबांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "उम्म गालिब, ऐकलंस ना?" ते म्हणाले, लहान मुलानं बक्षीस दाखवावं तसे. "मी विचारलं हो तिला."

"ऐकलं," ती म्हणाली. तिनं तबक मंडळींपुढं केलं.

मुन्जिरनं पुढं होऊन एक किल्ली उचलली, "शेळी मी म्हणालो होतो, ताई, माझी जीभ..." असं काहीतरी म्हणू लागला, तिनं डोळ्यांनीच त्याला बसवलं. अबू सखरनी पेला घेतला नाही. काठीनं मागच्या खुर्चीकडे खूण केली. "आधी त्याला दे." गालिब उठला नाही. तिनं त्याच्यासमोर वाकून पेला धरला. "ते मला ओळखत नाहीत, रुवैदा," तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला. मोठ्या गाडीतून आलेला, पिकलेल्या दाढीचा माणूस, ओठ चावत होता. "मला तरी कुठं ओळखतात?" ती म्हणाली. "मला आई समजतात. मी आई होऊन भरवते. तूही कुणीतरी हो."

"हा पाहुणा मागं का बसलाय?" बाबांनी विचारलं. "कोण आहे तो?"

गालिब उभा राहिला. त्यानं पेला एका हातात घेतला, किल्ली दुसऱ्या हातात घेतली, बापासमोर आला. "पाहुणाच आहे, अबू गालिब," तो म्हणाला. "शनिवारी येईन. मंगळवारपर्यंत राहीन, ठेवून घेतलंत तर."

"बस, बस. कॉफी घे."

तो बापाशेजारी बसला आणि प्यायला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे: पुरे झालं की पेला हलवायचा, नाहीतर वाढणारी पुन्हा ओतते. गालिबला हलवायचं सुचलं नाही. रुवैदानं पुन्हा ओतलं. तो पुन्हा प्यायला. तिनं तिसऱ्यांदा ओतलं, चौथ्यांदा ओतलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत पेल्यात पडत होतं आणि तो प्रत्येक वेळी निमूटपणे पीत होता, पेला पुढं करत होता. शेवटी बाबांनीच हात लांबवला, आपली वाळलेली दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि पेला हलवून दिला, उजवीकडे, डावीकडे. "असं," ते म्हणाले. "घरी कुणी शिकवलं नाही का तुला?"

शनिवारी गालिब आला का, असं तुम्ही विचाराल. आला. त्यानंतरच्या शनिवारी त्याचा फोन आला, की काम निघालंय. त्या दिवशी कुलूप लागलं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आला. असंच चाललं, कधी ओढत, कधी रडतखडत, बाबा होते तोवर. बाबांसाठी त्या टेकडीवर अजून फातिहा म्हटली जाते, त्यांच्या गळ्याची आठवण निघते. त्यांना आठवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मात्र, आज नमाजनंतर हात उचलाल, तेव्हा फटीआड उभ्या असलेल्या रुवैदाची एकदा आठवण काढा. ती दोन पळं तिला बरं वाटलं होतं ना, तेवढ्या दोन पळांसाठी काढा.